युनिटमध्ये फॅमिली आणि सिव्हिलियन स्टाफसाठी मदत डेस्क कसा बसवायचा (नागपूर, सोनेगाव, कामठीवाल्यांसाठी)

वेलफेअर म्हटलं की आपल्याकडे आधी शामियाना लागते, मग हळदीकुंकू, रांगोळी स्पर्धा, सीओ मॅडमच्या (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरच्या पत्नीच्या) हस्ते बक्षीस, समोसा, चहा, फोटो, झालं वेलफेअर. माझं त्याच्याशी काही वैर नाही, बायका चार घटका घराबाहेर पडतात, ओळखी होतात, ते पण पाहिजेच. पण नवरा टीडीवर (टेम्पररी ड्युटीवर) तेजपूरला आहे आणि रात्री अकरा वाजता पोराला तापात झटका आला, त तेव्हा रांगोळीचं बक्षीस कामात येत नाही, एक फोन नंबर कामात येते जो कोणीतरी उचलते आणि उचलणाऱ्याला पुढे काय करायचं ते माहीत राहते. तर हे त्या नंबरच्या मागे काय काय उभं करायचं त्याबद्दल आहे. ज्यांच्या गळ्यात नुकताच वेलफेअरचा चार्ज पडला आहे त्यांच्यासाठी लिहितो आहे. मी एअरफोर्सच्या ॲडमिनमधून रिटायर, म्हणून शब्द तिकडचे येतील, आर्मीत जिथे वेगळं म्हणतात तिथे सांगतो.

पहिलं काम, तुमची माणसं कोण ते लिहून काढा. नॉमिनल रोल (युनिटच्या नावांची यादी) आहे ना म्हणाल, तर तो वर्दीवाल्यांचा आहे, त्यांच्या घरच्यांचा नाही. एक जाड रजिस्टर घ्या (एक्सेल पण करा, पण रजिस्टर पाहिजेच, लाईट गेली तरी उघडते) आणि पाच भाग करा: क्वार्टरमध्ये राहणारे, बाहेर भाड्याने राहणारे, नवरा दुसरीकडे पोस्टिंगवर आणि फॅमिली इथे असे सेपरेटेड, सिव्हिलियन कर्मचारी, आणि विधवा व म्हातारे आईवडील. बाहेर राहणारे सगळ्यात जास्त विसरले जातात. वायुसेना नगरवाले दाभा, गिट्टीखदान, फ्रेंड्स कॉलनीत पसरलेले, सोनेगाववाले जयताळा, खामल्यात. एमईएसची (क्वार्टरची दुरुस्ती बघणाऱ्या मिलिटरी इंजिनियर सर्व्हिसेसची) कम्प्लेंट तिथे चालत नाही, गार्डरूम जवळ नाही, आणि घरमालकाने अचानक घर खाली करायला सांगितलं तर सांगायचं कोणाला ते त्या बाईला माहीत नाही.

रजिस्टरमध्ये नवऱ्याचा रँक मोठ्या अक्षरात लिहू नका. बाईचं नाव, तिचा स्वतःचा नंबर, कोणती भाषा बोलते, घरात अजून कोण आहे, कोणाला कायमचं आजारपण, कोणी गरोदर असेल तर कितवा महिना, आणि हाक मारली तर दहा मिनिटांत येईल असा शेजारी कोण. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच सगळे रिकामा सोडतात. फॅमिली केरळची, ओडिशाची, बिहारची, नागपुरात हिंदी चालते म्हणून निभून जाते, पण मनपाच्या झोन ऑफिसचा मराठी फॉर्म समोर आला की गाडी अडते. म्हणून डेस्कवर मराठी लिहिता-वाचता येणारा एक माणूस पाहिजेच पाहिजे.

आता कागद. यावर जरा थांबतो, कारण माझ्या हिशोबाने निम्मं वेलफेअर म्हणजे कागद वेळेत होणं.

लग्न झालं, मूल झालं, की त्याची नोंद सर्व्हिस रेकॉर्डमध्ये गेली पाहिजे. एअरफोर्समध्ये पीओआर म्हणतात, आर्मीत पार्ट टू ऑर्डर. जोपर्यंत ते पब्लिश होत नाही तोपर्यंत सरकारच्या दृष्टीने तुम्हाला बायको नाही आणि पोट्टं पण नाही. डिपेंडंट कार्ड अडते, एज्युकेशन अलाउन्सचा क्लेम अडते, क्वार्टरची सीनियॉरिटी अडते, आणि वीस वर्षांनी ईसीएचएस (रिटायर झालेल्यांच्या दवाखान्याची योजना) कार्ड काढताना तेच भूत पुन्हा समोर येते. तर डेस्कने दर महिन्याला आपल्या रजिस्टरमधून बघायचं की कोणाकडे बाळ झालं, आणि स्वतः फोन करायचा. त्यांची वाट बघू नका, ओल्या बाळंतिणीला पीओआर आठवणार नाही.

बाळाची जन्मनोंद २१ दिवसांच्या आत झाली पाहिजे. एवढ्या दिवसांत साधं काम आहे, ३० दिवसांपर्यंत लेट फी भरून होते, त्याच्यापुढे परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटची ऑर्डर. हॉस्पिटलमध्ये बाळंतपण झालं तर हॉस्पिटलच कळवते, पण नावाचं स्पेलिंग बरोबर गेलं का ते कोणीच बघत नाही. शहराच्या हद्दीत जन्म झाला तर नागपूर मनपा, कामठी छावणीच्या हद्दीत झाला तर कॅन्टोन्मेंट बोर्ड, उगाच इकडून तिकडे चकरा मारू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, लायसन्स सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो, म्हणून त्यात चूक राहिली तर ती आयुष्यभर पाठ सोडत नाही.

मग नावाचा घोळ. आपल्या मराठी बायकांचं तर विचारू नका. आधारवर माहेरचं नाव, पीओआरमध्ये सासरचं, मध्ये कुठे नवऱ्याचं नाव आहे कुठे नाही, आणि बँकेने स्वतःच्या मनाने तिसरंच छापलेलं. जिवंतपणी काही अडत नाही. पण पेन्शन आता स्पर्श नावाच्या ऑनलाइन सिस्टीमवर चालते, कॉम्प्युटरला दया नाही, नाव जुळत नसेल तर जुळत नाही. नवीन लग्न झालेल्या जोडप्याला पहिल्याच महिन्यात बसवून आधार, पॅन, बँक, पीओआर चारही ठिकाणी एकसारखं नाव करून घ्या. चहा पाजा, पण करून घ्या.

आणि नॉमिनेशन. भरती झाला तेव्हा अठरा-एकोणीसचा होता, सगळीकडे आईचं नाव टाकलं, लग्न झालं, दोन पोरं झाली, ग्रुप इन्शुरन्सवर आणि प्रॉव्हिडंट फंडावर अजून आईच. आईला पैसे मिळू नये असं नाही म्हणत, वाटून पण देता येतात, पण त्याने विचार करून ठरवलेलं असावं, विसरलेलं नसावं. फॅमिली पेन्शन नॉमिनेशनवर नाही, नियमावर चालते, ते वेगळं. हा फरक फार कमी जवानांना माहीत राहतो. वर्षातून एकदा, लीव्ह प्लॅन बनतात तेव्हाच, प्रत्येकाकडून नॉमिनेशनची प्रिंट मागवा आणि नवऱ्याने ती बायकोला दाखवली का ते विचारा. याच्यावरून काही घरांत भांडणं होतील, ती आता झालेली बरी.

फोन आणि दवाखाना

एक मोबाईल घ्या, सिम युनिटच्या नावाने, माणसाच्या नाही. दिवसा डेस्कवर, रात्री ड्युटी ऑफिसर किंवा ऑर्डरली सार्जंटकडे. नंबर क्वार्टरच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, फ्रिजवर चिकटवा, बाहेर राहणाऱ्यांच्या घरमालकाला पण द्या. फोनसोबत एक पान: एमआय रूम (युनिटचा छोटा दवाखाना), ॲम्ब्युलन्स, एमटी सेक्शन (युनिटच्या गाड्या), १०८, ११२, जवळचं सिव्हिल हॉस्पिटल, आणि रात्री गेट उघडायला कोणाला सांगायचं. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण आजारी माणसाला घेऊन आलेला ऑटोवाला गेटवर अडला की जीव कासावीस होते.

नागपुरात अडचण अशी की मिलिटरी हॉस्पिटल कामठीला. सोनेगावच्या बाईने तिथे जायचं म्हणजे पूर्ण शहर ओलांडायचं. मेट्रोची ऑरेंज लाईन एअरपोर्टपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत नेते, त्याच्यापुढे कामठी रोडने ऑटो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना कडेवर लेकरू घेऊन हे करून बघा एकदा, मग स्पेशालिस्ट ओपीडीच्या दिवशी गाडी लावायचा निर्णय फाईलवर जास्त वेळ अडकणार नाही. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी एक गाडी, वेळ पक्की, नाव आदल्या संध्याकाळपर्यंत लिहायचं, गरोदर बाया आणि म्हातारे आधी. एवढंच, याला फार अक्कल लागत नाही. आणि खरी इमर्जन्सी असेल तर कामठीचा हट्ट नको, जवळचं हॉस्पिटल गाठा आणि एमआय रूमला त्याच वेळी फोन करून कळवा, उशिरा कळवलं की बिलाच्या मंजुरीचा नुसता पिंगा सुरू होते.

शाळेचं थोडक्यात. पोस्टिंग एप्रिल ते जूनमध्ये येतात, तेव्हा केंद्रीय विद्यालयात केव्हीचीच टीसी घेऊन आलेल्या पोराला बदलीच्या आधारावर ॲडमिशन मिळते, पहिलीच्या ॲडमिशनला मात्र बापाच्या मागच्या ७ वर्षांतल्या बदल्या मोजतात, म्हणून बदल्यांचं सर्टिफिकेट ॲडज्युटंटकडून (युनिटचं ॲडमिन बघणारा ऑफिसर) आधीच सही करून ठेवा. वायुसेना नगर, अंबाझरी, अजनी, कामठी, सगळीकडे केव्ही आहे, घराजवळची कोणती ते येणाऱ्याला पोस्टिंग ऑर्डर निघाल्यावरच फोनवर सांगा, सामान उतरवल्यावर नको.

सिव्हिलियन कर्मचारी, ज्यांना सगळे विसरतात

मेंटेनन्स कमांडचं हेडक्वार्टर आपल्या नागपुरात आहे आणि मेंटेनन्स म्हटलं की डेपो, वर्कशॉप, स्टोअर, म्हणजे सिव्हिलियन आलेच. ट्रेड्समन मेट, फायरमन, एमटीएस (मल्टी टास्किंग स्टाफ), क्लार्क, एमईएसवाले. अंबाझरीकडच्या फॅक्टऱ्यांचा हिशोब वेगळा, तो इथे घेत नाही. वेलफेअरच्या मीटिंगमध्ये या लोकांचं नाव पण निघत नाही आणि मग काहून ही माणसं आपली वाटत नाहीत म्हणून ऑफिसर लोकच विचारतात.

नियम यांचे सगळे वेगळे आहेत, एका फाईलमध्ये मिसळू नका. यांचा दवाखाना म्हणजे सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना). १ जानेवारी २००४ नंतर लागलेला सिव्हिलियन एनपीएसमध्ये (नॅशनल पेन्शन सिस्टीममध्ये) आहे, वर्दीवाला नाही, म्हणजे एकाच गेटमधून आत येणाऱ्या दोघांच्या बायकांचं भविष्य दोन वेगळ्या कायद्यांवर आहे. एनपीएसवाल्याने एक ऑप्शन फॉर्म भरायचा राहते की नोकरीत मृत्यू झाला तर घरच्यांना जुन्या नियमाने फॅमिली पेन्शन पाहिजे की एनपीएसचे जमा पैसे. हा फॉर्म सर्व्हिस बुकात लागला आहे का ते एक-एक करून तपासा. फार कंटाळवाणं काम आहे, त्यामुळेच कोणी करत नाही. १ एप्रिल २०२५ पासून यूपीएस (युनिफाइड पेन्शन स्कीम) पण आली, तर ज्याला निवड करायची त्याला अकाउंट्स सेक्शनच्या माणसासमोर बसवून आकडे काढून दाखवा, व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफवर सोडू नका.

अनुकंपा नोकरीबद्दल खोटी आशा देऊ नका, प्लीज. ग्रुप सीच्या थेट भरतीच्या जागांपैकी फक्त ५ टक्के तिकडे जातात. अर्ज जरूर भरून द्या, पण "पोराची नोकरी पक्की समजा वहिनी" असं तेराव्याला जाऊन सांगणारे महाभाग मी पाहिले आहेत, पुढची कित्येक वर्षं ती बाई ऑफिसच्या चकरा मारते.

दोघांनाही सारखं लागू होणारं पण आहे. चिल्ड्रन एज्युकेशन अलाउन्स दोन मोठ्या मुलांसाठी, डीए ५० टक्क्यांवर गेल्यामुळे जानेवारी २०२४ पासून महिन्याला २८१२ रुपये ५० पैसे. शाळेच्या सर्टिफिकेटवर वर्षातून एकदा क्लेम. महिला कर्मचाऱ्यांना चाइल्ड केअर लीव्ह पूर्ण नोकरीत ७३० दिवस, पहिले ३६५ पूर्ण पगारी, नंतरचे ८० टक्क्यांवर. बऱ्याच जणींना वाटते ही फक्त दहावी-बारावीच्या परीक्षेसाठी भेटते, तसं नाही, आजारपणाला पण आहे.

आणि ठेकेदाराची माणसं, झाडूवाले, मेसमधले पोरं. ते तुमचे कर्मचारी नाहीत हे बरोबर, पण तुमच्याच आवारात राबतात. ठेकेदाराच्या बिलावर सही करण्याआधी पीएफ आणि ईएसआयच्या पावत्या बघायचा अधिकार तुमच्याकडे आहे, तो वापरा. याच्यात युनिटचा एक रुपया खर्च होत नाही.

नाजूक मामले

नवरा-बायकोचं भांडण, दारू, मारहाण, ऑफिसमधला त्रास. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कोणाला राग आला तर येऊ द्या. तक्रार ऐकायची जागा सीओ मॅडमचा हॉल नसावा. मॅडम कितीही चांगल्या असल्या तरी कॉर्पोरलच्या बायकोला तिथे सोफ्याच्या टोकावर बसून "माझा नवरा मारतो" असं म्हणता येत नाही, कारण तिला माहीत आहे की नवऱ्याचा एसीआर (वार्षिक गोपनीय अहवाल) कुठे लिहिला जाते. वेगळी खोली, एक महिला ऑफिसर किंवा समुपदेशक, आणि दार बंद. रजिस्टरमध्ये फक्त तारीख आणि पुढची पावलं, मजकूर नाही.

नवरा खर्चाला पैसे देत नाही म्हणून ती आली असेल तर कायद्यात रस्ता आहे. आर्मी ॲक्ट १९५० मध्ये कलम ९० ऑफिसरसाठी आणि ९१ बाकीच्यांसाठी, पगारातून बायको-पोरांच्या पोटगीची कपात होऊ शकते, एअरफोर्स ॲक्टमध्ये पण तशीच सोय आहे. अर्ज कसा लिहायचा ते डेस्कने शिकवावं. मारहाण असेल तर २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी आहेत, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, "घरचं घरात मिटवा" हे वाक्य डेस्कवर बंद.

महिला कर्मचाऱ्यांसाठी कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने इंटर्नल कमिटी लागते, १० किंवा जास्त माणसं असली की लागतेच. अध्यक्ष सीनियर महिला, निम्म्या तरी महिला, एक मेंबर बाहेरचा. तक्रारीला ३ महिने, चौकशीला ९० दिवस. बोर्डावर जी नावं लावली आहेत त्यातल्या कितीजणी पोस्टिंगवर निघून गेल्या ते आज जाऊन बघा.

मनाच्या त्रासाबद्दल जवान स्वतः बोलत नाही, मेडिकल कॅटेगरी खाली येईल ही भीती राहते आणि ती उगीच नाही. म्हणून १४४१६ हा टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) नंबर बायकांना द्या. फुकट आहे, मराठीत बोलता येते, आणि १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीमध्ये (आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज) सेनादलांसाठी वेगळा सेल पण सुरू झाला.

गावाकडच्या शेतीच्या भानगडी पण इथेच येतात, वर्दीवाल्याच्या टेन्शनचं मोठं कारण बांध आणि भाऊबंदकी. सीओचं जिल्हाधिकाऱ्याला पत्र बऱ्याचदा काम करते, जिल्हा सैनिक बोर्डाचे अध्यक्ष तेच राहतात. स्पेशल किंवा वॉर कंडिशनमध्ये ड्युटीवर असलेल्यासाठी १९२५ चा लिटिगेशन ॲक्ट आहे, सर्टिफिकेट गेलं की कोर्ट केस पुढे ढकलते. आणि २०२५ मध्ये नालसाची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची) वीर परिवार सहायता योजना आली, सैनिक बोर्डामार्फत मोफत वकिली मदत, नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारायचं.

मृत्यू झाला तर

हे आधी ठरवून ठेवायचं, त्या दिवशी डोकं चालत नाही. बातमी व्हॉट्सॲपच्या आधी घरी पोचली पाहिजे आणि माणसाने जाऊन सांगितली पाहिजे, फोनवर नाही. दोन-तीनच जण: एक ऑफिसर, एक बाई जिला ती ओळखते (तो शेजाऱ्याचा रकाना आठवा), आणि मेडिकलचा एक जण. गाड्यांचा ताफा नेऊ नका, ताफा दिसला की पूर्ण ब्लॉकला आधी कळते आणि तिला नंतर. पोरं शाळेत असतील तर त्यांना कोण आणेल आणि रस्त्यात काय सांगेल हे पण ठरवा.

त्या दिवशी कोणत्याच कागदावर सही घेऊ नका. पहिल्या भेटीत एवढंच सांगा की क्वार्टर लगेच सोडायचं नाही, पैशाची सोय आहे, आणि हा माणूस आजपासून तुमच्या सोबत आहे. तो माणूस एकच असावा आणि पूर्ण वर्षभर तोच असावा. दर वेळी नवा चेहरा आला की तिला तेच सगळं पुन्हा सांगावं लागते.

मग पेन्शन. साधारण मृत्यूला ऑर्डिनरी फॅमिली पेन्शन, शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि नोकरीत असताना गेला तर पहिली १० वर्षं वाढीव ५० टक्के. सर्व्हिसमुळे झालेला मृत्यू असेल तर स्पेशल, ६० टक्के. लढाई किंवा तशा कारवाईत असेल तर लिबरलाइज्ड, पूर्ण १०० टक्के. कोणती लागू होते हे कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या शब्दांवर ठरते, म्हणून त्या कागदाची कॉपी घरच्यांना मिळाली का ते बघणं डेस्कचं काम. कामठीच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सवाल्यांना बरं आहे, त्यांचं रेकॉर्ड ऑफिस गावातच, आपल्याला दिल्लीच्या एअरफोर्स रेकॉर्ड ऑफिसशी मेलवर भांडावं लागते.

पहिल्या काही महिन्यांत फसवणुकीचे फोन येतात, "रेकॉर्ड ऑफिसमधून बोलतो, ओटीपी सांगा". तिला आधीच सांगून ठेवा की पैशाबद्दलचा कोणताही फोन आला तर ठेवून द्यायचा आणि आपल्या माणसाला लावायचा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन). बाकी फॅमिली ग्रुपवर पण कोणाचा नवरा कुठे गेला, कधी निघाला, याचा एक शब्द नको, वर्दीतले फोटो नको, आणि ग्रुप ॲडमिन डेस्कचाच माणूस पाहिजे.

पैशाचं एकच. एअरफोर्सची ती वाइव्ज वेलफेअर असोसिएशन, जिला आता फॅमिली वेलफेअर असोसिएशन म्हणतात, आणि आर्मीची आवा (आर्मी वाइव्ज वेलफेअर असोसिएशन), या रजिस्टर्ड संस्था आहेत, सरकारी ऑफिस नाहीत. त्यांचा फंड वेगळा, युनिटचा नॉन-पब्लिक फंड वेगळा, सरकारी पैसा वेगळा, तीन कॅशबुक. आणि बायकांकडून सक्तीची वर्गणी किंवा सक्तीची हजेरी घेऊ नका, सक्तीने आलेली बाई अडचणीच्या वेळी तुमच्याकडे येत नाही.

डेस्कवर कोण बसवायचं? एक वर्दीवाला पाहिजे, फाईल हलवायला. पण दुसरी खुर्ची इथल्याच सिव्हिलियन क्लार्कला द्या, शक्यतो बाई असेल तर उत्तम. तुम्ही दोन-तीन वर्षांत जोधपूर नाहीतर तांबरमला जाल, ती इथेच आहे, तिला मनपाच्या खिडकीवरचा बाबू ओळखते, सैनिक कल्याणच्या ऑफिसात कोणता माणूस खरंच काम करते ते तिला माहीत आहे. चार्ज देताना नुसती रजिस्टरवर सही करून निघू नका, दोन आठवडे नव्या माणसाला बाजूला बसवा, पेंडिंग केसेसची यादी काढा आणि प्रत्येक घरी दोघांनी मिळून फोन लावा: "वहिनी, मी चाललो, आता हे आहेत, तुमचा ईसीएचएसचा अर्ज यांच्याकडे दिला आहे, नंबर तोच आहे."